भीती शिकवली जाते, भीती सोडवताही येते

निवासी शाळेत जूनमध्ये नव्याने दाखल होणारी मुले आपापल्या भीती सोबत घेऊन येतात. कुणाला अंधाराची, कुणाला कुत्र्याची, कुणाला विहिरीच्या पाण्याची, तर कुणाला फळ्यासमोर उभे राहण्याची. बहुतेक भीती काही महिन्यांत विरते. काही मुलांच्या मनात मात्र ती घर करते, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी वाढते आणि त्यांच्या झोपेवर, अभ्यासावर ताबा मिळवते. मानसशास्त्र तिला भयगंड किंवा ‘फोबिया’ म्हणते. समाज अशा मुलाला ‘जन्मजात भित्रा’ म्हणून मोकळा होतो. जन्माने चिकटवलेल्या दोषांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्या आम्हांला हा शब्द सहजी मान्य होणे शक्य नाही.

वर्तनवादी मानसशास्त्रानेही तो मान्य केला नाही. घंटेसारखी खूण आणि अन्न यांची वारंवार सांगड घातली की केवळ त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी दाखविले होते. अमेरिकेत जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी हेच तत्त्व भीतीला लावले. त्यांचा प्रयोग 1920 साली प्रसिद्ध झाला. ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखले जाणारे सुमारे अकरा महिन्यांचे बालक पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. त्याने उंदराला हात लावताच मागे पोलादी दांडीवर हातोडा मारून मोठा आवाज केला जाई. काही वेळा असे घडल्यावर नुसता उंदीर पाहूनही ते रडू लागले. पुढे ससा, कुत्रा आणि केसाळ कोट यांनाही भिऊ लागले. त्याची भीती न घालवताच त्याला रुग्णालयातून जाऊ दिले गेले. त्याची आई त्याच रुग्णालयात दाई म्हणून राबत होती. विज्ञानाच्या इतिहासात कोणाची मुले प्रयोगाला सापडतात, हेही आपण नोंदवून ठेवले पाहिजे.

भीती जडते कशी हे यातून काहीसे कळले; ती टिकते का, याचे उत्तर मौरर यांनी पुढे दिले. भीतीची वस्तू टाळली की तत्काळ सुटका वाटते. ही सुटका म्हणजे टाळण्याला मिळालेले बक्षीसच. मूल प्रत्येक वेळी टाळते, आणि म्हणून ‘काही वाईट घडले नाही’ हा अनुभव त्याला कधीच मिळत नाही. अर्थात प्रत्येक भयगंडामागे एखादी आठवणारी घटना असतेच असे नाही. दुसऱ्याला भ्यालेले पाहूनही मूल भिण्यास शिकते.

उपायाचा मार्ग मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने 1924 साली दाखविला. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवला जाई, आणि त्याला सोसवेल तसा हळूहळू जवळ आणला जाई. सशाला न भिणारी मुलेही त्याच्या सोबतीला असत. मध्येच तो आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरविले आणि बरीच प्रगती वाया गेली. तरी काम पुन्हा सुरू झाले आणि अखेरीस ससा त्याची बोटे कुरतडू लागला तरी तो शांत राहिला. समजुतीच्या गोष्टी सांगणे व चेष्टा करणे हे उपायही जोन्स यांनी तपासले होते. त्यांचा उपयोग झाला नाही. पुढे जोसेफ वोल्पे यांनी 1958 सालच्या ग्रंथात शरीर शिथिल करण्याचा अभ्यास आणि भीतीच्या पायऱ्यांची चढती यादी यांची जोड घालून या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले.

आपणां बौद्धांना ही वाट अपरिचित वाटू नये. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागत जानुस्सोणी ब्राह्मणाला संबोधीपूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगतात. भयावह समजल्या जाणाऱ्या वनातील चैत्यांत ते मुद्दाम रात्री राहिले. मोराने काटकी मोडली, वाऱ्याने पाने सळसळली की भय येई. चालताना भय आले तर ते चालताचालताच शमेपर्यंत ते थांबले नाहीत, बसले नाहीत.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या वाडवडिलांना पाणवठ्याची वाटणारी भीती हा भयगंड नव्हता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर आपल्या माणसांवर झालेले हल्ले हा त्याचा पुरावा आहे. जेथे धोका खरा असतो, तेथे मन नव्हे, व्यवस्था बदलावी लागते. म्हणूनच मूल भिते तेव्हा प्रथम विचारावे: याला कोणी मारते का, हिणवते का? तसे असेल तर उपचार मुलावर नव्हे, त्या माणसावर व त्या परिस्थितीवर करावयाचा.

धोका नसेल, तर वसतिगृहात आम्ही साधी पद्धत पाळतो. अंधाराला भिणारे मूल प्रथम मित्रासोबत व्हरांड्यापर्यंत जाते, मग कंदील घेऊन अंगणापर्यंत, मग एकटे. घाई नाही, आणि पाऊल मागे पडले तर शिक्षा नाही. भीती तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात कमीपणा मानीत नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलाला झोपविण्यासाठी भुताचे, बागुलबुवाचे किंवा पोलिसाचे नाव घेऊ नये. आणि माजी विद्यार्थ्यांनो, सुट्टीत वसतिगृहात आलात की नव्या मुलांसोबत रात्री अंगणात एक फेरी मारा. न भिणारा सोबती हा त्यांना मिळणारा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा आधार आहे.