चोर्ल्याचं रान, वणव्यानंतर

बेळगावकरांसाठी चोर्ला घाट म्हणजे गोव्याची वाट. जांबोटीला चहा, कणकुंबीला जरा पाय मोकळे करायचे आणि मग वळणं मोजत खाली उतरायचं, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या त्या जंगलात एकदा चालायचं, हे आमचं बरेच दिवस चाललं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये योग आला. आम्ही सहा जण, त्यातली चौघं कॉलेजची मुलं. वाट दाखवायला जवळच्या गावातले एक काका. आणि जायचं होतं ते वणव्यात जळालेल्या उतारावर.

मार्च २०२३ आठवतोय? त्या वर्षीचा फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी तापमानात १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता. रानातला पाचोळा कडकडीत वाळलेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. एक विझवावा तर दुसऱ्या डोंगरावर धूर, असं कित्येक दिवस चाललं. शेवटी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली. गाड्या पोचत नाहीत अशा चढणींवर मात्र वनखात्याची माणसं आणि गावकरीच आगीशी झुंजत होते.

हे गोव्याचं दुखणं, आपल्याला काय, असं म्हणून चालणार नाही. सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य तिकडचं, तर त्याला लागून असलेलं १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य आपल्या खानापूर तालुक्यातलं. नकाशावर दोन राज्यं, जमिनीवर रान एकच. याच डोंगरांत देगावजवळ म्हादई उगम पावते आणि अरबी समुद्राकडे जाते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वळून कृष्णेला मिळते. पाण्यावरून दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडतायत, पण ते पाणी धरून ठेवणारं हे जंगल दोघांचंही आहे.

सकाळी सड्यावरून निघालो. काळा-तांबडा जांभा दगड, त्यावर पिवळं पडू लागलेलं गवत, वाटेत गवीरेड्यांचं शेण. सडा संपून उतार लागला आणि समोर सगळीकडे हिरवंगार. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, सगळं भरून आलंय की!"

काका हसले. "हिरवं झालंय, पोरी. रान नाही झालं अजून."

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. ऐनाचं झाड ताठ उभं होतं. मगरीच्या पाठीसारखी त्याची जाड साल खालून काळवंडली होती, पण आतलं झाड शाबूत. कुंभ्याचंही तसंच. वरची फांदी वाळलेली आणि बुडातून नवे जोमदार धुमारे. या झाडांना आग सोसायची सवय आहे. पण ओढ्याकडच्या सदाहरित झाडांची साल पातळ. ती वरून उभी दिसत होती, मात्र काहींच्या बुंध्याशी माणूस बसेल एवढी पोकळी पडली होती.

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत सरकतो. मोठी झाडं वाचतात, म्हणून लांबून काही बिघडलंय असं वाटतच नाही. जळतात ती गुडघाभर उंचीची रोपं, पाचोळ्यातलं बी, सरपटणारे जीव, जमिनीवरची घरटी. म्हणजे उद्याचं जंगल जळतं. त्या मोकळ्या जागेत पहिल्यांदा घुसते ती रानमोडी. तिचं हलकं बी वाऱ्याबरोबर कुठेही पोचतं. आम्हाला लांबून दिसलेल्या हिरवाईत निम्मी तीच होती, फिक्या जांभळट फुलांनी भरलेली. उन्हाळ्यात ती आणि गवत वाळलं की पुढच्या वणव्याला सरपण तयार. दर दोन-चार वर्षांनी आग लागत राहिली तर सदाहरित रान मागे हटतं आणि गवत-झुडूप पुढे येतं.

ओढ्यात उतरलो तेव्हा मात्र बरं वाटलं. पाण्याच्या ओलीने आग तिथेच थांबली होती. काठावर जांभळाची, अंजनीची बोटभर रोपं सावलीत उभी होती. रानाला भरून यायचंय ते इथूनच. त्यासाठी त्याला एकच गोष्ट हवी, ओळीने काही उन्हाळे आगीविना.

आणि ती बरीचशी माणसाच्या हातात आहे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. काजूची बाग साफ करताना पेटवलेला कचरा, नवं गवत यावं म्हणून लावलेली काडी, रस्त्याकडेला फेकलेली जळती सिगारेट, सहलीची न विझवलेली चूल.

तुम्हालाही जायचं असेल तर बेळगावहून चोर्ला साधारण पन्नास किलोमीटर. निपाणीहून तीनेक तास धरा. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. वनखात्याची परवानगी आणि गावातला माहीतगार माणूस, दोन्ही हवेत. जेवण घरून बांधून न्या आणि चूल अजिबात पेटवू नका. फेब्रुवारीनंतर घाटातून जाताना कुठे धूर दिसला, तर फोटो नंतर काढा, आधी ११२ ला फोन करा.