गायरानावरचा बेवड

वर्षावासातील ग्रंथवाचनासाठी आम्ही श्रावणात केज तालुक्यातील एका खेड्यात गेलो होतो. एस.टी. फाट्यावर सोडते, पुढे पायवाट. वाचन रात्री विहारात होते, म्हणून दुपारी वस्तीतील एका आजींसोबत त्यांच्या गायरानातल्या शेतात गेलो.

मुरमाड माळ. आजींनी व त्यांच्या मालकांनी दगड वेचून तो वहितीखाली आणला. सातबारावर नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही. विकतचे खत तरी किती आणणार?

आजी म्हणाल्या, "पहिली धा वर्सं नुसती बाजरीच पेरली. भाकरीचीच वानवा, डाळीचं कुठलं ध्यानात येतंय? पुढं कणसं बोटाएवढी व्हाया लागली."

मग त्यांनी फेरपालट धरली. एक साल मूग-उडीद, दुसऱ्या साली बाजरी. बाजरीतही दोन तासांनंतर एक तास तुरीचे. आजींनी फुलावर आलेले उडदाचे एक झाड उपटून दाखवले. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी. हवेत 78 टक्के नत्र असते, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. या गाठींतले जिवाणू ते पिकाच्या उपयोगी आणतात. म्हणून आजी काढणीला उडीद उपटत नाहीत, कापतात. मुळ्या रानातच कुजतात. तुरीचा पालाही तिथेच गळतो. या बेवडावर पुढची बाजरी जोमाने येते.

"बाजरी नुसती घेती. उडीद घेतो बी अन् ठिवतो बी," आजी म्हणाल्या. मग हळूच बोलल्या, "माळ होता तवा कुणी ईचारलं नाही. आता पिकतंय, तर म्हणत्यात गुरं कुठं चारावी?"

मागासवर्गीयांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 रोजी निघाला. आजींचे प्रकरण मात्र अजून पडूनच आहे. त्या रात्री वाचन संपल्यावर विहारातच आम्ही त्यांची पिशवी उघडली. दंडाच्या पावत्या, गाव नमुना एक-ई चा उतारा, सारे सालवार लावून दिले.

बंधू-भगिनींनो, रानात बेवड राखा आणि घरात कागद राखा. एकाने जमीन सुधारते, दुसऱ्याने ती आपली राहते.

जयभीम!