विटेवरचं नाव

गावी घर बांधताना ट्रॉलीतून उतरलेल्या प्रत्येक विटेवर भट्टीवाल्याची तीन अक्षरं होती. "मालात गाडायच्या विटेवर नाव कशाला?" मी गवंड्याला विचारलं. "वीट फुटली तर कुणाची गचांडी धरायची ते कळतं!" ते म्हणाले. या एका वाक्यापायी मी नाव कोरलेल्या जुन्या विटा पाहायला इराकमधलं प्राचीन शहर उर गाठलं.

नासिरियाच्या हॉटेलात एसी रात्रभर ट्रॅक्टरसारखा धडधडला, गार मात्र काही झालं नाही. सकाळी वाटाड्यानं गाडी थेट 'इब्राहिमच्या घरा'पाशी नेली. अलीकडं नव्या विटांत उभं केलेलं ते घर पाच मिनिटांत आटोपलं. झिगुराट, म्हणजे देवळाचा टप्प्याटप्प्यांचा चौथरा, चढलो, धापा टाकल्या, उतरलो. मला हवी होती अमर-सिनची वीट.

सापडली. वीट ओली असताना ठसा दाबून उठवलेल्या पाचरींच्या ओळी, खाचांत धूळ. चार हजार वर्षांपूर्वीचा हा राजा त्यात स्वतःला उरचा आणि चारी दिशांचा स्वामी म्हणवतो. पण अशा विटा पुष्कळदा अक्षरांची बाजू खाली करून रचत. वाचणार कोण? देव, नाहीतर पुढं कधी पाया उकरणारा.

आणि उकरलाच! इ.स.पू. 650 च्या सुमारास उरचा सुभेदार सिन-बलास्सु-इक्बी देवळाचा जुना आराखडा शोधत होता, तेव्हा त्याला अमर-सिनच्या विटा मिळाल्या. नबू-शुम-इद्दिन नावाच्या पुजाऱ्यानं त्यांवरचा मजकूर मातीच्या नळकांड्यावर उतरवला आणि तो कुठं, कुणाला सापडला तेही खाली लिहिलं. हे नळकांडं उरचं उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वूलीला बॅबिलोनच्या नबोनिडस राजाच्या मुलीच्या, एन्निगाल्दी-नन्नाच्या वास्तूत मिळालं, शेजारी निरनिराळ्या काळांतल्या वस्तू. वूलीनं ठरवून टाकलं: हे राजकन्येचं संग्रहालय, ही त्यातली पाटी!

इथं माझं आणि वूलीचं बिनसतं. पाटी राजकन्येहून शंभरेक वर्षांनी जुनी. आमच्या माळ्यावरही आजीचा अडकित्ता आणि बंद पडलेला रेडिओ शेजारी आहेत; त्याला कुणी संग्रहालय म्हणत नाही. वूलीला गोष्ट रंगवायची भारी हौस.

पण पुजाऱ्यावर माझा जीव जडला. विटेवरची सुमेरियन भाषा त्याच्या काळी कुणाच्या घरात बोलली जात नव्हती, हजारेक वर्षं तरी. हा खड्ड्याकाठी डोळे बारीक करून ती अक्षरं लावत बसला असेल.

वाटाड्या हॉर्न वाजवत राहिला. मी विटेवरची धूळ फुंकली. आमच्या विटांची अक्षरं वरच्या अंगाला होती. गवंड्यांनी त्यांच्यावरच थापीनं माल पसरला होता.