गॉगल कपाटात आहे

विमा दुसऱ्याने उतरवावा, पथ्य दुसऱ्याने पाळावं आणि हेल्मेट दुसऱ्याने घालावं, असं प्रत्येकाचं प्रामाणिक मत असतं. कारखान्यातला कामगार तरी त्याला अपवाद कसा असणार? तरीही 'हे कामगार म्हणजे अगदी बेफिकीर!' असं म्हणणारे लोक ते वाक्य नेहमी पंख्याखाली बसून म्हणतात.

आम्ही पडलो बँकेतले कारकून. पण कर्जदाराचा माल मोजायला साहेबांबरोबर अधूनमधून कारखान्यात जावं लागतं. एके ठिकाणी भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' अशी ठळक पाटी होती. पाटीखाली ग्राइंडरची दिवाळी चाललेली, आणि कामगाराचा गॉगल कपाळावर!

"अहो, डोळ्यांवर घ्या की तो!"

"घेतो की साहेब. पण घामानं वाफ धरते. मग चाकही दिसत नाही अन् बोटही!"

मुद्दा बिनतोड होता. हातमोजे एकाच मापाचे. भीमाला तेच, नकुलालाही तेच. त्यातून फिरत्या ड्रिलपाशी मोजे घालायचेच नसतात, अडकले की हातच ओढला जातो. म्हणजे कुठे घालायचे नाहीत, हेही कुणीतरी शिकवायला हवं. मजुरी नगावर, त्यामुळे मास्क चढवण्या-उतरवण्यातला वेळ जातो स्वतःच्या खिशातून. सुपरवायझर स्वतः बोडका. आणि नवे गॉगल? 'वापरून खराब होतील' म्हणून स्टोअरकीपरच्या कुलपात! आमच्या घरी पाहुण्यांचे कप असतात ना, तसे.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात डोळ्यांसाठी ३५ वं कलम होतं, साधन न वापरणाऱ्या कामगारासाठी १११ वं. वाफ न धरणारा गॉगल मात्र कुठल्याच कलमाला जमला नाही. खरं तर शास्त्र सांगतं, आधी धोकाच काढा, मग यंत्राला आडोसा करा, आणि अगदी शेवटी माणसाला झाका. आपण शेवटापासून सुरुवात करतो, आणि तिथेच थांबतो.

आमच्या शेजारचे आजोबा तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये होते. कानांत बोळे घातले तर फोरमनची हाक ऐकू येत नसे, म्हणून कधी घातले नाहीत. गोंगाट आधी बारीक आवाज खातो आणि खाल्लेलं परत देत नाही. आता नात गोष्ट सांगते, तेव्हा आजोबा हसून मान डोलावतात. गोष्ट त्यांना फार आवडली, असं तिला वाटतं.