नाव कोणाचे?

मुलामुलींच्या वह्या तपासण्याचे काम ज्याच्या वाट्यास येते, त्यास जगाची बातमी निराळी मिळवावी लागत नाही. पूर्वी वह्यांच्या वेष्टणांवर क्रिकेटपटू आणि सिनेनट असत. आता तेथे कोरियातील सोल शहरचे गायकवृंद येऊन बसले आहेत. बीटीएस, ब्लॅकपिंक, ट्वाइस ही नावे आम्ही प्रथम वाचली ती नववीच्या निबंधाच्या वह्यांच्या मागील पानावर. काही हुशार मुलींनी तर कोरियन लिपी आत्मसात करून आपल्या मैत्रिणींची नावे त्या लिपीत लिहिलेली आढळली. घरी कोकणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि पुढील शिक्षणाच्या काळजीने इंग्रजी, अशा चार भाषांच्या चव्हाट्यावर वाढणाऱ्या गोमंतकीय मुलांस पाचवी भाषा जड वाटू नये, यात नवल ते काय? आम्ही स्वतः कोकणी बोलणारे आणि मराठीच्या अन्नावर पोसलेले. परभाषेतील गाण्यावर कोणी जीव जडवला, तर त्यास नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस खचितच नाही.

सबब आम्ही मुलांच्या मागोमाग त्या गाण्यांच्या गावी गेलो. गाणी ऐकली, नृत्ये पाहिली. सात-सात जणांची पावले एकाच क्षणी उचलली जातात आणि एकाच क्षणी टेकतात, हे पाहून आमच्या कवायतीच्या मास्तरांनाही धन्य वाटले असते. परंतु गाण्यांहून अधिक काळ आम्हांस खिळवून ठेवले ते त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कंपन्यांच्या कहाणीने.

१९९२ साली सो तेजी नावाच्या तरुणाने दोन साथीदारांसह कोरियन तरुणांच्या संगीताचे वळणच बदलून टाकले. त्या दोघांपैकी यांग ह्युन-सक याने १९९६ साली वायजी ही कंपनी काढली. त्याच्या आधी, १९९५ साली, ली सू-मान या गायकाने एसएम कंपनी स्थापिली होती. तिने १९९६ साली एच.ओ.टी. हा पाच मुलांचा वृंद रंगमंचावर आणला. पार्क जिन-यंग या गायकाची जेवायपी कंपनी त्यांच्याच पाठोपाठ आली. मौज अशी की, तिन्ही घराण्यांचे मूळ पुरुष स्वतः रंगमंचावर नाचले-गायलेले होते. कलावंताच्या कष्टांची त्यांस पुरती जाणीव होती, आणि त्या कष्टांचा हिशेब कसा मांडावा याचीही.

या कंपन्यांची रीत अशी: बारा-चौदा वर्षांची मुले चाचणी घेऊन निवडावयाची, त्यांस वसतिगृहात ठेवावयाचे, गायन, नर्तन आणि परकीय भाषा शिकवावयाच्या आणि वेळोवेळी परीक्षा घेऊन नापसंत मुलांस घरी धाडावयाचे. ट्वाइस या वृंदाची प्रमुख जिह्यो २०१५ साली रंगमंचावर आली, ती तब्बल दहा वर्षांच्या उमेदवारीनंतर. पुष्कळ ठिकाणी या शिक्षणाचा आणि पहिल्या गाण्यांचा खर्च वृंदाच्या खाती मांडला जातो व तो फिटेपर्यंत मिळकतीचा वाटा कलावंताच्या हाती पडत नाही. टाळ्या आधी मिळतात, पैसा मागाहून. कित्येकांस तो कधीच मिळत नाही.

मराठी वाचकांस हे चित्र अगदीच अनोळखी वाटू नये. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांतही कोवळ्या वयाची मुले बिऱ्हाडी राहत, मंडळीच्या पंगतीस जेवत आणि तालमीच्या मास्तरांचा धाक सोशीत. मंडळी सोडून बाहेर पडणेही आपणांस नवे नाही. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून निघाले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ साली आमच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ त्याच मंडळीतून निघाले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभारली. जुने नाव जुन्या घरी राहिले. निघणाऱ्यांनी नवे नाव घेतले व ते आपल्या गळ्याच्या बळावर मोठे केले.

सोलमध्ये मात्र घराबाहेर पडणे इतके सोपे नव्हते. एसएम कंपनीने २००३ साली तोंगबांग शिन्गी, म्हणजेच टीव्हीएक्सक्यू, हा पाच तरुणांचा वृंद पुढे आणला. त्यांचे करारपत्र तेरा वर्षांचे होते. २००९ साली त्यांतील तिघांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि त्याच वर्षी न्यायालयाने त्यांच्या स्वतंत्र कामात अडथळा आणण्यास कंपनीस मनाई केली. तेथील व्यापारविषयक सरकारी आयोगानेही २००९ सालीच नमुन्याचे करारपत्र काढले व त्यात सात वर्षांची मर्यादा सुचविली. पुढे २०१७ साली त्याच आयोगाने उमेदवार मुलांच्या करारांतील अवाच्या सवा दंडाची कलमे बदलण्यास कित्येक कंपन्यांना भाग पाडले. आज कोरियन वृंदांच्या आयुष्यात सातवे वर्ष कसोटीचे मानतात, त्याचे मूळ या कागदात आहे.

काळाचा प्रश्न असा बराचसा सुटला, नावाचा राहिला. शिनह्वा हा सहा जणांचा वृंद १९९८ साली एसएममध्ये जन्मला. २००३ साली सहाही जण एकत्र बाहेर पडले, एकत्रच गात राहिले. परंतु स्वतःच्या नावावर त्यांचा हक्क नव्हता. ते नाव त्यांच्या मालकीचे होण्यास २०१५ साल उजाडले. ‘बीस्ट’ या वृंदाने २००९ पासून नाव गाजविले आणि २०१६ साली कंपनी सोडताच ते नाव मागे ठेवावे लागून २०१७ साली ‘हायलाइट’ या नावाने नवी सुरुवात केली. उलट २०२१ साली गॉट सेव्हनचे सातही जण जेवायपीमधून निघाले, तेव्हा कंपनीने वृंदाचे नाव त्यांच्या स्वाधीन केले. म्हणजे सौजन्य अशक्य नाही. मात्र कोणाच्याही नावाचे भवितव्य केवळ सौजन्यावर सोडू नये, हेही या तीन कथा सांगतात.

अलीकडील कथा न्यूजीन्सची. हाइब कंपनीच्या अडोर या शाखेने २०२२ साली हा पाच मुलींचा वृंद आणला. सर्वांत धाकटी तेव्हा चौदा वर्षांची होती. आमच्या नववीच्या बाकावर सहज शोभली असती. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी करार संपल्याचे जाहीर केले आणि पुढे नवे नावही घेतले. परंतु ३० ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने करार कायम असल्याचा निर्णय दिला. वर्गात हळहळ झाली. मुलांस वाटते, की न्यायालयाने नेहमी लहानांची बाजू घ्यावी. न्यायालय बाजू घेत नाही, कागद वाचते, हे त्या दिवशी आम्हांस समजावून सांगावे लागले.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एक वृंद गाजतो तेव्हा कित्येक बुडतात, आणि त्यांचे कर्ज कोणीतरी सोसतेच. बिग हिट ही २००५ साली निघालेली छोटी कंपनी. २०१३ साली तिने बीटीएस हा वृंद पुढे आणला तेव्हा तिची गणना मोठ्या घरांत होत नव्हती. २०२० साली तिचे भाग बाजारात आले, त्या वेळी संस्थापक बांग शी-ह्युक यांनी सातही मुलांस प्रत्येकी ६८,३८५ भाग दिले. ज्यांनी घर उभारले त्यांस घरात वाटा मिळाला, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या साऱ्या पारितोषिकांहून मोलाची वाटते. हीच कंपनी आज हाइब या नावाने ओळखली जाते.

हे सारे दूर सोलचे, असे म्हणून आता भागणार नाही. २०२२ साली ओडिशाची श्रेया लेंका ही ब्लॅकस्वान या कोरियन वृंदात दाखल झाली. २०२५ साली हाइबने मुंबईत आपली शाखा उघडली. आणि याच वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. मुलगी उत्तम नाचते. चाचणीच्या अर्जावर पालकांची सही हवी होती. खुर्चीवर न बसताच त्या माउलीने विचारले, ‘‘सर, तिका कितें सांगपाचें?’’

नाही म्हणून सांगा, असे म्हणणे सोपे होते. मुलगी ऐकती, पण तिचे पाय ऐकते ना. आम्ही त्यांस एवढेच म्हणालो, ‘‘वहिनी, अर्ज खुशाल करूं द्या. परंतु उद्या करारपत्र आले, तर त्यावर सही करण्यापूर्वी एखाद्या वकिलाला दाखवा आणि आम्हांलाही आणून दाखवा. वर्षे किती, खर्च कोणाच्या खाती, मध्येच घरी परतली तर दंड किती, आणि नाव कोणाचे, एवढे चार प्रश्न आपण मिळून विचारू. मुलीलाही शेजारी बसवू.’’ त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, की शेवटचा प्रश्न आपल्याला कधी सुचलाच नसता.

दरवर्षी दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरताना आम्ही प्रत्येक मुलास त्याचे नाव मोठ्याने वाचावयास लावतो. एक काना चुकला, तर पुढे आयुष्यभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मुले कंटाळतात, हसतात. यंदा मात्र ती मुलगी अर्ज हाती घेऊन बराच वेळ उभी होती. स्वतःचे, वडिलांचे, आईचे अशी तिन्ही नावे तिने अक्षर न् अक्षर तपासली, अर्ज उलटून मागील बारीक छापही वाचला, आणि मगच खाली सही केली.