बंद आकाश

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवांचें गांव, आणि पंजाबांतील घुमान ही त्यांच्या उत्तरायुष्याची भूमि. एवढी वाट नामदेवांनीं पायीं तुडविली. आपण ती निदान विमानानें तरी पार करावी, असा बेत मीं व माझ्या पत्नीनें २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटींत केला होता. मुंबईहून अमृतसरचीं ११ मेचीं तिकिटेंहि काढून झालीं होतीं. तोंच भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, आणि उत्तर व पश्चिम भारतांतील ३२ विमानतळ १५ मेच्या पहाटेपर्यंत प्रवासी वाहतुकीस बंद झाले. त्यांत अमृतसर होतें. दहा तारखेस सायंकाळीं लढाई थांबल्याचें जाहीर झालें, तरी आमचें अकराचें विमान गेलें नाहीं तें नाहींच.

मला राग आला, हें कबूल करतों. आणि शिकलेल्या माणसाचा राग मोठा वादपटु असतो! लढाई थांबली, मग आतां भय कसलें? शिवाय आकाश केवढें विस्तीर्ण! "नामदेवांना वाटेंत कोणी अडविलें नाहीं," असें मी पुटपुटलों. पत्नी तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां ती म्हणाली, "त्यांच्या वाटेवर क्षेपणास्त्रें उडत नव्हतीं."

त्या वाक्यासरशी मला २०१४ सालची गोष्ट आठवली. १७ जुलै रोजीं अॅम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलें मलेशियाचें विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें व आंतील २९८ माणसें प्राणास मुकलीं. खालीं लढाई चालू आहे हें जगजाहीर होतें. त्या भागांतील आकाश ३२,००० फुटांपर्यंत बंदहि होतें. विमान होतें ३३,००० फुटांवर! म्हणजे नियम कोणी मोडला नव्हता. त्या दिवशीं त्याच आकाशांतून सुमारें १६० प्रवासी विमानें गेलीं. आमच्या कयाधूला पूर आला म्हणजे असेंच घडतें. पुलावरून पाणी वाहत असतें. एक गाडी पार होते, आणि ती पार झाली एवढ्याच पुराव्यावर मागच्या साऱ्या निघतात.

बरें, आकाश वेळींच बंद कां करीत नाहींत? १९४४ च्या शिकागो करारानें प्रत्येक राष्ट्राला आपल्या आकाशाचें स्वामित्व दिलें. तेव्हां दार लावायचें तें त्यानेंच, आणि दार लावणें म्हणजे घर आपल्या ताब्यांत नाहीं अशी कबुली. त्यांत पैशाचाहि प्रश्न आहे. २०१९ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश साडेचार महिने मिटलें, तेव्हां वळशाच्या वाटांमुळें एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडला. उलट ८ जानेवारी २०२० ची तेहरानची हकीकत पाहा. कांहीं तासांपूर्वींच इराणनें इराकांतील अमेरिकन तळांवर क्षेपणास्त्रें सोडलीं होतीं. तरी स्वतःचें आकाश उघडेंच ठेवलें. त्याच्याच सैन्यानें युक्रेनचें प्रवासी विमान शत्रूचें अस्त्र समजून पाडलें. १७६ माणसें गेलीं.

त्या माणसांना कोणी विचारलें होतें काय? तिकिटावर आसनाचा क्रमांक असतो, सामानाचें वजन असतें. विमान कोणाच्या डोक्यावरून जाणार हें तेवढें नसतें. आणि समजा असतें, तरी माझ्यासारख्यानें तें वाचून प्रवास रद्द केला असता? अकरा मेची माझी चडफड आठवली म्हणजे याचें उत्तर देण्याचें धैर्य होत नाहीं.

ते विमानतळ १२ मे रोजीं पुन्हां उघडले. आम्ही मात्र दिवाळीच्या सुटींत निघालों. वर गेल्यावर वैमानिकानें उंची सांगितली, आणि ती बत्तीस हजारांच्या वर कीं खालीं, याचा मीं उगाच हिशेब केला. पत्नी खिडकीला कपाळ टेकून स्वस्थ झोपली होती.