दोन आकड्यांची साक्ष

वकिली करणाऱ्याला एक सवय जडते. साक्षीदार काय सांगतो यापेक्षा तो काय गाळतो, याकडेच त्याचे लक्ष अधिक असते. आमचे नानाकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे. मधुमेह गेली वीस वर्षे त्यांच्या सोबतीला. गेल्या वर्षी त्यांचा रक्तदाब भरला वरचा १६८, खालचा ६४. काका प्रसन्नपणे म्हणाले, "खालचा कमीच आहे ना? मग काळजी कसली!" घरच्यांनीही माना डोलावल्या. मला मात्र त्या दोन आकड्यांमधले अंतर खटकले.

डॉक्टरांनी उलगडा केला. तरुणपणी महाधमनी लवचिक असते. हृदयाने लोटलेले रक्त ती फुगून सामावून घेते आणि मग आकसत पुढे ढकलते. म्हणून वरचा दाब फार चढत नाही, खालचा फार उतरत नाही. वयोमानाने तिच्यातील इलास्टिनचे तंतू झिजून तुटतात. मधुमेहात रक्तातील साखर कोलॅजेनला चिकटून त्याचे तंतू एकमेकांशी जखडते. धमनी ताठर होते. हृदयाला मग अधिक जोर करावा लागतो; पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात, खालच्या दाबावर. तोच उतरलेला! म्हणजे काम वाढले आणि मजुरी घटली. मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या नाजूक वाहिन्यांवर धक्के बसतात ते निराळेच.

यावर उपाय नाही असे मात्र नव्हे. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, केवळ वरचा दाब चढलेल्या साठीपुढील माणसांना औषध दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. वृद्धांत मात्र औषध बेताने वाढवावे लागते, आणि उभे राहिल्यावरचा दाबही पाहावा लागतो. नाहीतर भोवळ येऊन पडण्याचे भय.

काकांची खरी हरकत औषधाला नव्हतीच, ती पंचखाद्याला होती. "देवाचा प्रसाद का कधी बाधतो?" काकूंनी शांतपणे उत्तर दिले, "प्रसाद कणभरच असतो. मूठभर घेतला तर तो फराळ." काका हसले. आता ते कणभर प्रसाद घेतात आणि देवळाच्या प्राकारात रोज सकाळी फेऱ्या घालतात.

त्यांच्या धमन्या पुन्हा तरुण होणार नाहीत. पण हृदयावरचा भार हलका होऊ शकतो. वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब मोजला की दोन्ही आकडे टिपून ठेवा, आणि त्यांच्यातील अंतराविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा.